आभार म्हणजे पुरे

साल्तोत दार कुणी वाजवत नाही.
फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवतात.
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणून पहिल्या गुरुवारी ती दोघं
माझ्या मेलेल्या बेलवर बोट ठेवून
पाव तास उभी होती.
कुत्रा त्यांच्याकडे बघत होता,
मी पडद्याआडून कुत्र्याकडे.

छातीवर काळी पाटी: एल्डर थ्यूसन.
एल्डर म्हणजे वडीलधारा.
आजवर हनुवटीवर पुटकुळ्या असलेल्या
एकोणीस वर्षांच्या पोरांना आम्ही हे म्हणत आलो.
हा पहिलाच, ज्याच्या अंगाला शब्द बेतून शिवलेला.
बायको बुटकी, पायात नर्सचे पांढरे बूट,
हातात यादी.

यादीत मी होते.
नेलिदा बुर्गेन्यो, एक अक्षर चुकून.
शेजारी नवऱ्याचं नाव, अजून खोडायचं राहिलेलं.
तो तेरा वर्षांपूर्वीच पत्ता बदलून
टेकडीमागच्या दफनभूमीत राहायला गेला.

मी माते केलं.
कॉफी त्यांना वर्ज्य, हा कडू पाला चालतो.
तुंबा एक, नळी एक, तोंडं तीन.
म्हातारा आयडाहोचा, जन्मभर बटाटे काढलेला;
एक घोट घेऊन, चेहरा न हलवता
म्हणाला, ग्रासियास.
आमच्याकडे आभार मानले की
त्याचा अर्थ होतो, पुरे.
मी त्याला पुन्हा दिलं नाही.
तासभर तो बिचारा
तुंबा आपल्याला ओलांडून जाताना बघत बसला.

बावीस वर्षं का आला नाहीत, असं तिनं विचारलं नाही.
माझं उत्तर तर इस्त्री करून ठेवलेलं.
ते तसंच घडीत राहिलं.

देवाशी काही भांडण नव्हतं हो.
एका रविवारी बुटाची टाच निघाली.
पुढच्या रविवारी कुणी विचारील, म्हणून लाज वाटली.
त्याच्या पुढच्या रविवारी
कुणीच विचारलं नाही, याचा राग आला.
मग संत्र्यांचा हंगाम, शेडमध्ये रविवारचीही पाळी.
मग आईचा पाय.
मग रविवार म्हणजे नुसता
सोमवारच्या आधीचा दिवस.

दुसऱ्या गुरुवारी त्यानं खिडकीची बिजागरी बसवली.
तिसऱ्या गुरुवारी वादळ होतं, तरी आली.
नदीपलीकडे आर्जेन्टिना दिसत नव्हता
आणि तिच्या बुटांत पाणी बोलत होतं.
मी ते चुलीशेजारी उलटे ठेवले.
अनवाणी, ती अचानक कुणाची तरी आई दिसली.

तिच्या स्पॅनिशमध्ये फक्त वर्तमानकाळ होता.
म्हणाली, मुलगा आहे. केंडल.
तो नऊ वर्षं येत नाही.
चर्चमध्ये नाही. घरी पण नाही.
मी ताट मांडते.
भूतकाळ तिला अजून कुणी शिकवला नव्हता,
त्यामुळे सगळं तिथेच चाललेलं होतं,
ताट, खुर्ची, थंड होणारे बटाटे.

म्हातारा स्क्रू शोधू लागला,
खाली काही पडलेलं नसताना.

त्याच्या फाटकाशी कुणी जातं का? मी विचारलं.
माहीत नाही, ती म्हणाली.
मग मी नाव पुन्हा विचारलं, अक्षरं नीट विचारली,
कारण चुकीच्या अक्षरांनी हाक पोचत नाही
हे मला ठाऊक आहे.
कधी हाक मारणार, कुणाला मारणार,
इतक्या वर्षांनी माझी तिकडे ओळख तरी उरलीय का,
हे मी बोलले नाही.

यादी टेबलावर पडली होती.
पेन्सिल घेऊन माझं अक्षर दुरुस्त केलं.
नवऱ्यावर एक हलकी रेघ ओढली.
खाली लिहिलं: बेल चालत नाही. टाळ्या.

रविवारचं काही ठरलं नाही.
टाच अजूनही निघालेलीच आहे,
बूट कपाटात आहेत.

तिनं शेवटचा तुंबा संपवला,
नळीचा गुरगुर आवाज होईपर्यंत,
परत दिला, तोंड उघडलं,
नवऱ्याकडे बघितलं
आणि आभार मानले नाहीत.